तांबड्याची पिल्लं

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑगस्टनंतर आज. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल माफी मागावी म्हटलं, पण मागू कुणाची? वहीचं काही अडलं नव्हतं, ती कपाटात सुखात होती. अडलं माझं. 'उद्या लिहू' म्हणत म्हणत तीन महिन्यांची चिडचिड आतल्या आत साठवली. आता ती उतू जायला लागली, म्हणून वहीची आठवण. स्वार्थीच आहे मी.

तर — करवतीचं पातं आज पुन्हा तुटलं. माशाच्या कानातले खडे कापायची आमची एकच करवत. तिला हिऱ्याची कड असलेलं पातं लागतं. पात्यासाठी पत्र, पत्रावर सही, सहीसाठी साहेब, आणि साहेब बैठकीत. बैठक कशाची? 'कामाचा वेग कसा वाढवावा' याची!

संध्याकाळी साहेब बैठकीतून बाहेर आले आणि मलाच म्हणाले, "जानेवारीत समिती बसतेय. टेकाड बंद करायचं की नाही ते तुमच्या अहवालावर ठरणार. आणि तुमच्या अहवालात पिल्लंच नाहीत!"

जणू मीच खाल्ली.

पण पिल्लं नाहीत हे खरं आहे. समुद्राच्या तळाशी, आठशे मीटर खोल, ते टेकाड. तांबडा मासा दरवर्षी अंडी घालायला तिथे जमतो. एका मासेमारी कंपनीचे मोठे ट्रॉलर नेमके तिथेच, नेमके तेव्हाच जाळी सोडतात. त्या माशांतला वाटा आमच्याकडे मोजायला येतो. दोन हंगाम झाले. तिशीच्या आतला एकही तांबडा नाही. सगळे प्रौढ. निम्मे तर माझ्या आईपेक्षा मोठे. शंभरी गाठलेलेसुद्धा! म्हाताऱ्यांचं गाव, आणि गावात पोर एक नाही.

याचे दोनच अर्थ निघतात. एक — गेली तीस वर्षं यांची पोरं जगलेलीच नाहीत, आहे तो साठा शेवटचा. दोन — पोरं आहेत, पण कुठेतरी दुसरीकडे वाढतात आणि आपल्याला ठाऊक नाही. पहिलं असेल तर टेकाड आजच बंद करायला हवं. दुसरं असेल तर आधी ती 'दुसरीकडची' जागा शोधायला हवी. नाहीतर आपण आजी-आजोबांना वाचवू आणि नातवंडं भलतीकडे मरत असतील.

मला यातलं काय खरं ते माहीत नाही. जानेवारीपर्यंत माहीत व्हायला हवं. बस, एवढंच आहे. आणि पातं तुटलंय.


९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी आईकडे. म्हणजे दादाकडे. आई त्याच्याकडेच असते.

दार उघडता उघडता दादा, "काय चिमणे, त्या मोठ्यांचं दुकान कधी बंद करतेस?"

मी पंचेचाळिशीला आले, चष्म्याचे नंबर बदलले, तरी चिमणीच. म्हटलं, "मी बंद करत नाही दादा. मी मोजते."

"मग जरा नीट मोज!"

दादाची कोळंबीची बोट. तो टेकाडाकडे जातच नाही, तेवढं खोल जाळं ओढायची त्याच्या बोटीची ताकद नाही. तो वरच्या उतारावर, तीनशे मीटरच्या आसपास. पण कंपनीचे ट्रॉलर जाता-येता त्याच्या जाळ्यांवरून जातात. या वर्षात दोनदा जाळी फाटली. तक्रार केली तर म्हणे, 'समुद्र काय तुझ्या बापाचा?' दादा म्हणतो, "बापाचाच होता. बाप तिथेच मासे मारत होता."

आईने पुन्हा विचारलं, मी नक्की करते काय. पुन्हा सांगितलं — माशाच्या कानात खडा असतो, तो मधोमध कापायचा, त्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, ती मोजली की वय कळतं.

"आणि शेवटचा कापलास तो किती वर्षांचा?"

"ब्याऐंशी."

आई म्हणाली, "माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आणि तुम्ही त्याला कापलात! वडीलधाऱ्यांची काही लाज?"

सगळे हसले. वहिनी म्हणाली, "ताटात मासे नाहीत ना आज? मग बोलण्यातही नकोत."

परत येताना मात्र डोक्यात एकच. दादाला टेकाड बंद व्हायला हवंय. मलाही व्हायला हवंय का? दादामुळे? की मासे खरंच संपताहेत म्हणून? वलयं मोजताना मी नकळत दोन-चार जास्त तर मोजत नाही ना? जितका मासा म्हातारा तितका साठा नाजूक, तितकं टेकाड बंद व्हायची शक्यता जास्त... हा विचार एकदा शिरला की सूक्ष्मदर्शकाखालचं प्रत्येक वलय संशयित.


१० नोव्हेंबर

पातं आलं. भलत्या मापाचं.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीचा माणूस साहेबांना भेटायला आला. त्याला सगळ्या प्रयोगशाळेची फेरी हवी होती. साहेबांनी त्याला माझ्या टेबलाशी आणून सोडलं आणि स्वतः पसार.

गोड माणूस. फार गोड. म्हणाला, "मॅडम, पिल्लांची एवढी काळजी कशाला? शाळेच्या वेळेत घरी मुलं दिसतात का? असतील कुठेतरी शाळेत!"

मी म्हटलं, "तीस वर्षं शाळेत?"

"हुशार असतील!" स्वतःच्याच विनोदावर हसला. मग खालच्या आवाजात, "आणि मिळकत कमी झालेली नाही हो. जाळं टाकलं की भरूनच येतं. साठा संपत असता तर जाळं रिकामं नसतं आलं?"

इथे माझा तोल गेला. सरळ सांगितलं त्याला — दर हंगामाला ते सगळे एकाच टेकाडावर जमतात, म्हणून जाळं भरतं. गावातली निम्मी माणसं मेली तरी उरलेली सगळी एका मांडवात जमली की मांडव भरलेलाच दिसतो. शेवटच्या मांडवापर्यंत भरलेला दिसेल. आणि त्यानंतरच्या वर्षी मांडवात कुणी नसेल.

तो म्हणाला, "वा, छान समजावता तुम्ही." आणि घड्याळात बघितलं.

आवाज चढवायला नको होता. माझं बरोबर होतं म्हणून काय झालं. चढलेला आवाज ऐकून माणूस फक्त आवाज लक्षात ठेवतो.


१९ नोव्हेंबर

मास्तरणीशी कडाक्याचं भांडण.

तिच्याशिवाय माझं पान हलत नाही हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं रागात लिहिलंय हे लक्षात राहील. प्रत्येक खड्याचा काप दोघींनी वेगवेगळा वाचायचा, असा नियम. मी एक, ती दुसरी. मासा केवढा होता हे दोघींनाही माहीत नसतं, समोर फक्त काचपट्टी आणि तिच्यावरचा आकडा. दोघींची उत्तरं जुळली तरच ती गणती धरायची. वीस वर्षं ती सगळ्यांच्या चुका काढतेय, म्हणून मास्तरीण.

तर तांबड्याच्या प्रत्येक खड्यात, मधल्या भागाला वेढून, एक जाड काळा पट्टा असतो. मी म्हणते, ते वलय आहे, मोजायचं. ती म्हणते, ते वलय नव्हे, ती वलयांची गर्दी आहे किंवा डाग आहे, सोडून द्यायचं.

"डाग प्रत्येक माशाला एकाच जागी पडतो?" मी.

"तुझ्या सासरच्या सगळ्यांना एकाच जागी टक्कल पडतं, ते काय वलय आहे?" ती.

हसू आलं, पण दाखवलं नाही. दोन तास एकमेकींशी बोललो नाही. मग तीच म्हणाली, "चहा घेणारेस की तोही मोजायचाय?"

पट्ट्याचं मात्र काही ठरलं नाही. काय आहे हा पट्टा? प्रत्येक तांबड्याच्या लहानपणी नेमकं असं काय घडतं की त्याच्या कानात ते कायमचं कोरलं जातं?


२५ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं लिहायला हवं, नीट.

सकाळी कंपनीचा माल उतरणार होता, नमुने घ्यायला धक्क्यावर गेले. ट्रॉलर आलाच नाही. 'दुपारी येईल.' दुपारी — 'उद्या.' मला आधी कळवायचं कुणाला सुचलं नाही. बादली, चिमटे, बर्फाचा डबा घेऊन मी वाट बघणारी एकटी!

पाय दुखले म्हणून पलीकडच्या कोळंबीच्या शेडमध्ये जाऊन सावलीत बसले. तिथे कोळंबी निवडणं चाललेलं. कोळंबीबरोबर जाळ्यात जे काही फालतू येतं ते एका बाजूला ढिगात, कोंबडीखाद्याच्या कारखान्यासाठी. त्या ढिगात बहुतेक पत्रा. चपटा, पातळ, पत्र्यासारखा चकचकीत, तळहाताएवढा मासा. खायला बेचव, सगळा काटाच. कुणी विकत घेत नाही. लहानपणी बाबांबरोबर यायचे तेव्हाही तो असाच ढिगात असायचा. आयुष्यात त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

आज दुसरं काही करायला नव्हतं म्हणून बघितलं. डोकं बघितलं, आणि गालफडावरचा काटा. मग परांवरचे काटे मोजले — सवय, दुसरं काय! पुन्हा मोजले. दुसऱ्या माशाचे मोजले. तांबड्याइतकेच.

तांबडा लाल, जाड, गोल अंगाचा, दीड हात. पत्रा पांढरा, चपटा, बोटभर जाडीचाही नाही. पुस्तकात दोघांना वेगवेगळी पानं आहेत, धक्क्यावर वेगवेगळी नावं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी दोघांना दोन मासे म्हणून लिहिलं आणि आपण सगळे ते वाचत आलो. काटे सारखे असणारे मासे पुष्कळ असतात म्हणा.

तरी बादलीभर उचलून आणला.


२६ नोव्हेंबर

नवरा म्हणतो, घरात माशाच्या वासाची सवय झाली होती, पण हा वास नवीन आहे. बादली गॅलरीत ठेवली होती फक्त एक तास! शेजारच्या काकूंनी खिडकी आपटून बंद केली. ऐकू यावी अशी.

खडे काढले. मासे नेहमीसारखे फॉर्मॅलिनमध्ये ठेवले, त्याच बादलीत. उद्या कापते. पातं (बरोबर मापाचं) आलंय. देव पावला.


१ डिसेंबर, सोमवार

मास्तरणीला काहीही सांगितलं नाही. नियमच आहे, वाचणाऱ्याच्या मनात आधीच उत्तर असता कामा नये. आजच्या तांबड्याच्या काचपट्ट्यांमध्ये पत्र्याच्या सहा सरकवल्या. लबाडी नाही ही, उलट प्रामाणिकपणाचीच सोय. तरीही सकाळभर चोरट्यासारखं वाटत राहिलं. तिच्याकडे पाठ करून बसले.

ती वाचत होती. आकडे पुटपुटत होती. मधेच थांबली.

"अगं ए. याचं बाकीचं कुठे गेलं?"

"कशाचं?"

"या तांबड्याचं. नुसता मधला भागच आहे. काळ्या पट्ट्यापर्यंत येतो आणि संपतो." मग पुढची काचपट्टी. मग त्याच्या पुढची. खुर्ची सरकल्याचा आवाज. "पिल्लू मिळालं तुला! मिळालं आणि मला सांगितलं नाहीस? कुठून आणलंस, बोल!"

मी वळले. बादलीच उचलून दाखवली.

ती बादलीत बघत राहिली. मग इतकी मोठ्याने हसली की पलीकडच्या खोलीतून माणसं डोकावली. "पत्रा! काखेत कळसा आणि गावाला वळसा! अगं, हा आम्ही लहानपणी मांजराला घालायचो. मांजरही खायचं नाही!"

नंतर दोघींनी एकाच सूक्ष्मदर्शकात, आळीपाळीने. म्हाताऱ्या तांबड्याच्या खड्याचा गाभा आणि पत्र्याचा अख्खा खडा — आकार तोच, कडेची खाच तीच, वलयांमधली अंतरं तीच. पत्र्याला दोन, तीन, फार तर पाच वलयं. तांबड्याला पाचाच्या पुढे तो काळा पट्टा. म्हणजे तो डाग नव्हे. (मास्तरीण हरली. वलयही नव्हे, म्हणजे मीही हरले.) ती हद्द आहे. पाच वर्षांचा झाला की पत्रा वरचा उतार सोडतो, खाली अंधारात उतरतो, लाल होतो. मग पंचवीस वर्षं तिथेच विखुरलेला, आणि अंडी घालायच्या वयाचा झाला की टेकाडावर.

दोन हंगाम आम्ही त्या म्हाताऱ्यांच्या कानात त्यांचं बालपण बघत होतो आणि पट्ट्यावरून भांडत होतो.

इतका आनंद किती वर्षांत झाला नव्हता! घरी येईपर्यंत टिकला.

मग ध्यानात आलं. वरचा उतार. तीनशे मीटर. कोळंबी.

दादा.


२ डिसेंबर

साहेबांना दाखवलं. आधी विश्वास नाही, मग इतका विश्वास की लगेच वर फोन लावायला निघाले. मीच थांबवलं. मग एकदम शहाणे झाले: "कानातल्या खड्यावर समिती नाही मानायची. शंभर वर्षांचं पुस्तक खोटं पाडायचं म्हणजे डीएनए हवा. बावीस तारखेच्या आत. नाहीतर अहवाल आहे तसाच जाईल."

'आहे तसाच' म्हणजे: पिल्लं नाहीत, टेकाड बंद करा. दादाला हवं तेच! आणि वरच्या उतारावर पत्रा टोपल्या भरभरून मरत राहील, कुणी विचारणारही नाही. टेकाडावर मग कुणाला वाचवायचं? पुढे येणारंच कुणी नसेल तर?


३ डिसेंबर

मी मूर्ख आहे. मूर्ख!

डीएनएवाल्या प्रयोगशाळेला फोन केला. बाई तिकडून अगदी शांतपणे म्हणाल्या, "मासे कशात ठेवलेत?"

फॉर्मॅलिनमध्ये. सगळेच्या सगळे. कॉलेजपासूनची सवय — मासा आला की फॉर्मॅलिन. हात आपोआप त्या बरणीकडे जातो. आणि फॉर्मॅलिनने डीएनएचा चुरा होतो हे मीच दर वर्षी नवीन आलेल्यांना बजावते. 'स्पिरिट! लक्षात ठेवा, स्पिरिट!' अशी बोंब मारणारी मी.

बाई म्हणाल्या, ताजे हवेत, स्पिरिटमध्ये, निदान वीस, आणि एकाच बोटीचे नकोत, तीन-चार बोटींचे. पंधरा-सोळापर्यंत मिळाले तर बावीसच्या आत निकाल देतो.

मास्तरीण सरळ रिकाम्या बाटल्या शोधायला लागली. ती टोमणा मारत नाही तेव्हा प्रकरण खरंच गंभीर असतं.

पत्रा काय, रोज येतो. उद्याही मिळेल. घाबरण्यासारखं काही नाही. पण कोळंबीच्या तीन-चार बोटींवर बादली घेऊन फिरणार आणि दादाला काय सांगणार, की असंच?


६ डिसेंबर, शनिवार

नवऱ्याला सांगितलं. त्याने ताट बाजूला सारून ऐकलं आणि म्हणाला, "आधी मासे गोळा कर. मग दादाला सांग."

"म्हणजे चोरून?"

"चोरून कसलं? कचऱ्याच्या ढिगातला मासा उचलायला परवानगी लागते का?"

बरोबर आहे त्याचं. शास्त्राच्या दृष्टीने तर शंभर टक्के बरोबर. ज्याला निकालाचा फटका बसणार त्याला आधी सांगून नमुने घेत नाहीत. हेही मी दर वर्षी शिकवते!

पण दादा नमुना नाही. बाबा गेल्यावर माझी फी त्याने भरली नाही, भरायला पैसेच नव्हते. त्याने शाळा सोडली आणि बोटीवर गेला, आणि मी शिकले. हे तो कधी बोलून दाखवत नाही. मीही नाही. आता त्याच्याच ढिगातून मासे उचलून, त्याच्या पाठीमागे, त्याची जागा बंद करायचा कागद बनवायचा? आणि नंतर जेवायच्या टेबलावर सांगायचं, 'दादा, एक गंमत झाली'?

की मी स्वतःला चांगलं वाटावं म्हणून सांगायला निघाले आहे? दादासाठी की माझ्यासाठी? दोन्ही असावं. दोन्ही असलं तर चालतं का?

उद्या रविवार. सांगते.


७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. आई झोपली होती, वहिनी बाहेर गेली होती. अंगणात तो जाळं शिवत बसला होता, मी समोर पायरीवर.

आधी हसला. "पत्रा आणि तांबडा? एकच? मग मी कोळंबी आणि देवमासा एकच!" मग मी खड्यांचे फोटो दाखवले. दादाला फोटोतलं कळतं. मासे त्याने माझ्यापेक्षा जास्त बघितलेत. हसू थांबलं.

"म्हणजे तू म्हणतेस, मी पोरं मारतो."

"तुला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं."

"मग आता कशाला माहीत करून घ्यायचं?"

मी फोटो परत पिशवीत ठेवले.

सुई हातात तशीच. "मोठ्यांनी म्हातारे मारले तर तो व्यापार. आम्ही चिंधीएवढे मासे उचलले तर पाप?"

"पाप कोण म्हणतंय, दादा?"

"तू नाही म्हणत. तुझा कागद म्हणेल." मग, "वरचा उतार बंद झाला तर मी जाऊ कुठे? टेकाडावर? माझी बोट तिथवर जाळं सोडेल आणि स्वतःच बुडेल."

म्हटलं, उतार अख्खा बंद करायची गरज नसेलही. काही महिने, काही भाग. किंवा जाळ्यात पत्र्याला निसटायला वाट ठेवता येईल, असं करतात पुष्कळ ठिकाणी. कोळंबी राहते, मासा निसटतो. तो ऐकत होता. ऐकत होता असं मला वाटलं.

सुई पुन्हा चालू लागली. मग म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस. दुसरी कुणी असती तर पेपरात वाचायला लागलं असतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

"किती हवेत?"

"वीस. पण वेगवेगळ्या बोटींचे."

"पुढच्या सोमवारी ये धक्क्यावर. आम्ही सगळे त्याच दिवशी परत येतो. बाकीच्यांना मी सांगून ठेवतो."

निघताना मागून हाक. "चिमणे! स्पिरिट आण हं या वेळी." फॉर्मॅलिनचंही सांगितलं होतं मी. हसलो दोघंही.


८ डिसेंबर

आज कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. नवऱ्याला म्हटलं, बघ. तो म्हणाला, बघू.

'बघ' आणि 'बघू'मध्ये किती अंतर असतं! सकाळी सकाळी कशाला चिडायचं म्हणून चिडले नाही.


११ डिसेंबर, गुरुवार

साहेबांनी तीनदा विचारलं. तीनदा 'सोमवारी' सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तर स्पिरिटची बाटली डोक्यात घालीन.

मास्तरणीने न सांगता बाटल्या धुऊन, चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या. चिठ्ठीवर बोटीचा क्रमांक, खोली, तारीख लिहायला जागा. 'मासा:' या पुढची जागा तिने रिकामी सोडली आहे. म्हणाली, "निकाल आला की लिहू. आत्ताच उत्तर नको."

करवत आज नीट चालली. अख्खा दिवस. हे लिहून ठेवायला हवं, पुन्हा घडेलसं वाटत नाही.


१५ डिसेंबर, सोमवार, सकाळ

निघते. दोन बादल्या, बर्फ, बाटल्या, चिमटे. मास्तरीण म्हणते, मीही येते. म्हटलं, कशाला, दादा आहे ना.


१५ डिसेंबर, संध्याकाळ

एकही पत्रा नाही. दादाच्या टोपल्यांत नाही, शेजारच्या बोटीच्या नाही, कुणाच्याच नाही. ढिगाची जागा पाण्याने धुतलेली.

शेडमध्ये वजनकाट्यावर बसणारा म्हणाला, "आता बोटीवरच निवडून समुद्रात टाकतात, ताई. मेलेलेच. तुमच्या दादानेच तर सगळ्यांना सांगून ठेवलंय, पत्रा धक्क्यावर दिसता कामा नये. तुम्हाला ठाऊक असेल की."

दादा बोटीवर दोर गुंडाळत होता. म्हणाला, "या खेपेला लागलाच नाही गं, चिमणे." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

मी "बरं" म्हटलं. रिकाम्या बाटल्या परत आणल्या.

उद्या: पहाटे, बोट सुटायच्या आत, बाटल्या घेऊन दादाच्या बोटीवर चढणे. न कळवता.